दहा दिवस गोळी न घेतलेला माणूस

रक्त खोटं बोलत नाही.

हे वाक्य शुभांगी दरेकर मॅडमनी आपल्या प्रबंधाच्या पहिल्याच पानावर, वडिलांना केलेल्या अर्पणाच्या खाली, तिरप्या अक्षरांत टाकलं होतं. दसऱ्यानंतरच्या सोमवारपर्यंत त्यांचा त्यावर पूर्ण विश्वास होता. मंगळवारी दुपारी त्यांच्या ध्यानात आलं, की रक्त खोटं बोलत नसेलही, पण रक्ताचा मालक बोलतो, आणि फॉर्मवर सही मालकच करतो.

आमचं फार्मसी कॉलेज इंदिरानगरच्या पुढे आहे. जिथे बिल्डरांच्या पाट्या सुरू झाल्यात आणि द्राक्षबागा अजून पुरत्या संपलेल्या नाहीत. मी तिथे संवादकौशल्य शिकवतो. म्हणजे मुलं बोलत असतात आणि मी त्यांना गप्प बसवतो. माझी खोली शुभांगी मॅडमच्या लॅबला लागून, मध्ये प्लायवूडची भिंत. त्यामुळे त्यांचं संशोधन मला सहा वर्षं नीट ऐकू येतंय.

त्या संशोधनाची सुरुवात विंचूरला झाली. मॅडमचे वडील चिमाजी आप्पा तिथल्या कांदा मार्केटात मापारी होते. सात वर्षांपूर्वी भर लिलावात त्यांच्या छातीत कळ आली. हृदयाच्या नळीत रक्ताची गुठळी अडकली होती. जवळच्या दवाखान्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं, नळी उघडली, आप्पा उठून बसले आणि त्यांनी चहा मागितला. चहा येईपर्यंत नळी पुन्हा बंद झाली. मग गाडी, मग नाशिक, मग नळीत जाळी. आप्पा वाचले. ‘उघडलेली नळी परत का बंद झाली?’ असं मॅडमनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, ‘होतं कधी कधी.’

मॅडमनी या ‘होतं कधी कधी’वर पीएचडी करायचं ठरवलं.

त्यांना जे सापडलं ते साधं आहे. गुठळीत दोन गोष्टी असतात. एक, रक्तातल्या प्लेटलेट्सची गर्दी. दोन, त्या गर्दीला आवळून धरणारं धाग्यांचं जाळं. इंजेक्शन जाळं कापतं. गर्दीला ते हात लावत नाही. उलट जाळं कापताना त्यात अडकून पडलेली काही द्रव्यं मोकळी सुटतात आणि आसपासच्या प्लेटलेट्सना चिथावतात. त्यामुळे पहिली काही मिनिटं प्लेटलेट्स आधीपेक्षा जास्त जोरात एकमेकींना चिकटतात. त्या थंडावतात ते बऱ्याच उशिरा. म्हणून तर इंजेक्शनबरोबर अ‍ॅस्पिरिनची गोळी चावायला देतात आणि पुढेही रोज एक घ्यायला सांगतात. हे जगाला अगदीच ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. मॅडम फक्त ही पहिली उसळी किती आणि किती मिनिटांची, ते आपल्याकडच्या माणसांच्या रक्तात मोजत होत्या.

आप्पांना त्यांनी हे समजावलं तेव्हा आप्पा म्हणाले, “म्हंजे रास्ता रोको. पोलिसांनी विंचूरला उठवलं, का निम्मे जण फर्लांगभर पुढं जाऊन बसले, अन् पहिल्यापेक्षा जास्त तापून.”

आप्पांना जे एका वाक्यात कळलं, ते मॅडमचे मार्गदर्शक महेश सर यांना सहा वर्षांत कळलं नव्हतं.

“विरघळवणारं औषध चिकटवतं, असं लिहिणार तुम्ही?” ते विचारत. “उद्या म्हणाल साबणाने मळ वाढतो.”

हे चौथं प्रकरण काढून टाका, असा त्यांचा सल्ला होता. मॅडम काढत नव्हत्या. शेवटी महेश सरांनी विद्यापीठाच्या समितीपुढे शंका मांडली, आणि समितीने पत्र पाठवलं: चौथ्या प्रकरणातला आलेख आमच्यासमोर काढून दाखवा. तारीख शुक्रवारची. मॅडमच्या नोंदणीची मुदत शनिवारी संपत होती. शुक्रवारी आलेख निघाला तर प्रबंध सादर. नाही निघाला तर नोंदणी रद्द, सहा वर्षं पाण्यात, आणि पुन्हा पहिल्यापासून. मॅडमना नुकतंच त्रेचाळिसावं लागलं होतं.

आता हा आलेख काढणारं यंत्र. दिसायला ते डब्याएवढं, वर झाकण, झाकणाखाली शेजारी शेजारी दोन भोकं. एक भोक तीन वर्षं बंद पडलेलं. त्यात धूळ जाऊ नये म्हणून एक रिकामी काचेची नळी कायमची उभी. चालू भोकात रक्ताचा प्लेटलेट्सवाला भाग नळीत भरून ठेवायचा. तो पिवळट आणि ढगाळ असतो. नळीत टाचणीच्या तुकड्याएवढी लोखंडी काडी टाकायची. भोकाच्या तळाखाली मोटरवर चुंबक फिरतो, तो काडीला गरागरा फिरवतो. कारण प्लेटलेट्सना नुसतं चिथावून भागत नाही, ढवळावंही लागतं. स्वस्थ ठेवल्या तर त्या एकमेकींकडे बघतसुद्धा नाहीत. ढवळत असताना चिथावणीचं द्रव्य घातलं की त्या चिकटून गोळा होतात, ढगाळपणा जातो, प्रकाश आरपार येतो आणि स्क्रीनवरची रेघ वर चढते. चिकटल्या नाहीत तर रेघ आडवी.

खंडेनवमीपर्यंत ही रेघ रोज वर चढत होती.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते. वजनकाटा, सेंट्रिफ्यूज, फ्रीज, झेरॉक्स मशीन, कुणालाही वगळत नाहीत. झेंडूच्या माळा धोंडीराम मामांकडून येतात. ते कॉलेजचे माळी. मखमलाबादला त्यांचा स्वतःचा फुलांचा मळा आहे, आणि कॉलेजची बाग ते पगारापेक्षा सवयीने सांभाळतात. बाकीची तयारी बयाबाईंची. त्या लॅबमध्ये बावीस वर्षं आहेत, म्हणजे बहुतेक यंत्रांपेक्षा जुन्या. यंदा मॅडमच्या यंत्रापाशी आल्यावर त्या म्हणाल्या, “सर, झाकण उघडा की. बंद दाराला कसली पूजा?”

महेश सरांनी झाकण उघडलं. हळदकुंकू वाहिलं. मग दोन पावलं मागे सरून अक्षता टाकल्या. लग्नात मागच्या रांगेतून टाकतात तशा, मनापासून आणि नेम न धरता. फोटो ग्रुपवर आले. बयाबाईंनी वरून फडकं मारलं. सगळे पेढे खाऊन घरी गेले.

सोमवारी रेघ आडवी आली.

रक्त ललित सरांचं होतं. ललित सर औषधशास्त्र शिकवतात, जिमला जातात आणि चार वर्षं मॅडमना रक्त देतायत. गुठळी विरघळवायचं औषध न घालता नुसती चिथावणी दिली तरी रेघ आडवी, औषध घातलं तरी आडवी. मॅडमनी तीनदा करून पाहिलं. मग पलीकडून त्यांचा आवाज आला.

“ललित सर, दहा दिवसांत काही गोळी घेतलीत?”

प्लेटलेटवर एकदा अ‍ॅस्पिरिनचा शिक्का बसला की ती मरेपर्यंत चिकटायला तयार नसते, आणि ती आठ-दहा दिवस जगते. इतर वेदनाशामकांचा असर एवढा टिकत नाही, पण मॅडमना धोका नको होता. म्हणून रक्त देणाऱ्याने दहा दिवस कुठलीच गोळी घ्यायची नाही, असा नियम. फॉर्मवर छापलेला.

“मी?” ललित सर म्हणाले. “मॅडम, मी गोळ्यांच्या विरोधात आहे.”

“काहीच नाही घेतलं?”

“काहीच नाही.”

“गरब्यात गुडघा धरला होता म्हणालात.”

“हो, मग पेनकिलर घेतली. ती गोळी नाही हो. पेनकिलर.”

मंगळवारी ऑफिसातल्या संतोषचं रक्त काढलं. रेघ आडवी. संतोष म्हणाला, “औषध म्हणाल तर शून्य. फार तर डोकं दुखलं की ती फसफसणारी घेतो. पण ती पाण्यात विरघळते. गोळी राहतेच कुठे?”

“त्यात अ‍ॅस्पिरिन असतं, संतोष.”

“पाण्यात?”

बुधवारी ग्रंथालयातल्या सायली मॅडम आल्या. त्यांच्याबद्दल सगळ्यांनाच खात्री होती, कारण नवरात्राचे नऊ दिवस त्यांनी फक्त पाणी आणि राजगिऱ्याचा एक लाडू घेतला होता. रेघ आडवी.

“सायली, खरं सांग.”

“देवाशप्पथ, तोंडात काही घातलं नाही. उपवासाने डोकं ठणकायचं म्हणून गोळी घ्यायचे तेवढीच. ती चालते उपवासाला.”

“रोज?”

“एकवेळ.”

गोष्ट इथे फार पक्की झाली. प्रत्येक आडव्या रेघेमागे एक गोळी सापडत होती. सिद्धांत इतका चपखल बसत होता, की दुसरीकडे बघायची गरज कुणालाच वाटेना. मोटर घूं घूं वाजत होती, स्क्रीन उजळत होता, प्रकाश शून्यावर आणि शंभरावर बरोबर लागत होता; म्हणजे यंत्र ठणठणीत. आपल्याकडे काही बिघडलं की आधी माणूस तपासतात, मग त्याच्या घरचे, आणि वायर सगळ्यात शेवटी.

मॅडमनी यादी केली. एकशे बारा कर्मचारी. प्राचार्य वजा, कारण ते कुणालाच रक्त देत नाहीत. माझा नंबर बुधवारी दुपारी लागला. मी प्रामाणिकपणे म्हणालो, की मी गोळी घेत नाही, फक्त पाठीसाठी अर्धी घेतो. मॅडमनी माझं नाव पूर्ण खोडलं. तीन दिवसांत त्यांची चप्पल कॉरिडॉरमध्ये इतकी वाजली, की मुलांना वाटलं भरारी पथक आलंय. त्या जेवत नव्हत्या, बसत नव्हत्या, पेन शोधत आणि पेन हातातच असायचं.

फक्त एक वाजता थांबत. एक वाजता आप्पांचा फोन येई. आप्पांचा फोन स्पीकरवर नसला तरी स्पीकरवरच असतो.

“शुभे, झालं का तुझं?”

“नाही आप्पा. रक्तच मिळत नाहीये धड.”

“माझं काढून ने की.”

“तुमचं चालत नाही. तुम्ही रोज गोळी घेता. गोळ्या आहेत ना?”

“हायेत की.”

“संपल्या की सांगा. गणपतीत आणून दिल्या होत्या त्याच ना?”

“त्याच. हायेत.”

“बरं, ठेवते.”

बुधवारी संध्याकाळी बयाबाई म्हणाल्या, “मॅडम, धोंडीरामला इचारा. त्यो खरंच काय खात नाय.”

धोंडीराम मामा गुरुवारी सकाळी खुरपं बाजूला ठेवून आले. मॅडमनी आता प्रश्न विचारायची पद्धत बदलली होती. गोळी हा शब्दच काढून टाकला होता.

“मामा, दहा दिवसांत डोकं दुखलं?”

“नाय.”

“अंग? गुडघा? दाढ?”

“दुखलं तर दुखू देतो.”

“फसफसणारं काही? बाम? चूर्ण? कुणी दिलं म्हणून काही?”

“मॅडम, बाभळीचा काटा टाचेत सहा महिने होता. तो बी आपसूक निघाला.”

रक्त काढलं. सेंट्रिफ्यूजमध्ये संथ फिरवलं. पिवळट थर वेगळा केला. नळी भोकात ठेवली, मोटर घूं घूं करू लागली, मॅडमनी चिथावणीचा थेंब टाकला आणि श्वास धरला. मीही पलीकडे धरला.

रेघ आडवी.

मग मॅडम म्हणाल्या, “मामा, आठवून सांगा.”

“काय आठवू?”

“काहीतरी घेतलं असेल.”

“तुमी मला खोटारडा म्हनताय.”

“मी नाही म्हणत. मशीन म्हणतंय.”

“मंग मशीनला इचारा त्यानं काय खाल्लं,” मामा म्हणाले आणि दंडावरचा कापूस टाकून बाहेर गेले.

मॅडमनी त्यांच्या घरी फोन लावला. मामींनी, म्हणजे कुसाबाईंनी, उचलला.

“गोळी? अन् हे?” त्या म्हणाल्या. “अवो, मागल्या साली इंचू चावला तरी कांदा चोळून झोपले. यांनी गोळी घेतली आसती तर मी पेढे वाटले आसते.”

तासाभरात ही चौकशी मखमलाबादभर झाली. मामांनी दुपारी बाकीच्या सगळ्या झाडांना पाणी घातलं. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी लॅबच्या खिडकीखालचा गुलाब कोरडा ठेवला.

महेश सर मात्र संध्याकाळी खुशीत आले.

“अहो, तुम्ही रडताय कशाला? औषध घातलं तर रेघ आडवी येते ना?”

“हो. पण न घालताही आडवीच येते.”

“न घातलेली दाखवू नका. घातलेली दाखवा. औषध चिकटू देत नाही, प्रश्न मिटला. मी सहा वर्षं हेच म्हणतोय. चौथ्या प्रकरणाचा निष्कर्ष उलटा करा, एक पान तर बदलायचंय. उद्या सही, परवा सादर.”

“ते खरं नाही, सर.”

“खरं-खोटं पीएचडी झाल्यावर करा. तेव्हा वेळ असतो.”

मॅडमनी ते पान छापलं. आपलं मूळ पानही बाजूला ठेवलं. दोन्ही एका पिशवीत घातली. मी हे सांगतोय कारण प्रिंटर माझ्या खोलीत आहे, आणि पान छापून निघेपर्यंत त्या माझ्या टेबलावरचा पेपरवेट गोल गोल फिरवत होत्या. “सर,” त्या म्हणाल्या, “तुम्ही कम्युनिकेशनवाले. एखादा माणूस खोटं बोलतोय हे कसं ओळखायचं?”

मी म्हणालो, ते सिलॅबसमध्ये नाही.

शुक्रवारी त्यांच्याकडे रक्त द्यायला कुणीच नव्हतं. पावणेदहाला धोंडीराम मामा इस्त्रीचा सदरा घालून आले, खुर्चीत बसले आणि बाही वर केली.

“काढा. पन सगळ्यांच्या समोर लावा. माझ्या रक्ताचा निकाल मला बघायचाय.”

दहा वाजता रक्त काढलं. प्लेटलेट्स बाहेर काढल्यावर तीनेक तास नीट वागतात. नंतर त्यांचा भरवसा नाही. समिती साडेदहाला यायची होती. समितीने सकाळी त्र्यंबकेश्वर ठेवलं होतं. अकरा वाजले. साडेअकरा. मॅडम गेटपर्यंत जाऊन येत, नळीकडे बघत, परत गेटपर्यंत जात. मामा खुर्चीतून हलले नाहीत. बारा दहाला गाडी आली, आणि समितीच्या अध्यक्षांनी उतरल्या उतरल्या जेवणाचं विचारलं.

“आधी आलेख, सर,” मॅडम म्हणाल्या. “एक वाजेपर्यंतच वेळ आहे.”

“एवढी घाई?”

“माझी नाही, प्लेटलेट्सची.”

तिघे सदस्य, महेश सर, मामा, बयाबाई आणि दारात मी. साडेबाराला पहिली नळी लागली. औषध नाही, नुसती चिथावणी. रेघ स्क्रीनच्या डावीकडून उजवीकडे गेली. मनमाडच्या पुढचा सपाट माळ जसा जातो, तशी. दुसरी नळी. तशीच. महेश सरांनी मॅडमच्या पिशवीकडे बघून मान हलवली.

मॅडमनी पिशवीत हात घातला. हात आतच राहिला.

“सर,” त्या अध्यक्षांना म्हणाल्या, “ही औषध नसलेली नळी आहे. ही रेघ वर जायला हवी होती. जात नाहीये, आणि का ते मला माहीत नाही. त्यामुळे यापुढे औषध घालून जे काही दिसेल त्याला अर्थ नाही.”

महेश सरांनी डोळे मिटले.

अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, “साधी गोष्ट आहे. रक्त देणाऱ्याने गोळी घेतली असणार. लोक घेतात आणि सांगत नाहीत.”

धोंडीराम मामा उठले. त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं नाही. ते सरळ यंत्रापाशी गेले, हात मागे बांधून वाकले आणि रोपांचा ट्रे बघावा तसे दोन्ही भोकांकडे आलटून पालटून बघत राहिले. एक वाजला. मॅडमचा फोन टेबलावर थरथरला आणि थांबला.

“मामा, बाजूला व्हा,” महेश सर म्हणाले.

“दोनी नळ्या एकाच मापाच्या हायेत का, मॅडम?”

“हो.”

“मंग ही वर का बसलीय?”

“कुठे?”

“ही बघा. ती पलीकडची धुळीची, खाली बसलीय. ही तांदळाएवढी वर हे.”

ते तांदळाएवढी असं माप म्हणून म्हणाले होते. फुलवाले तसं बोलतात. मॅडमनी नळी उचलली. यंत्राची वायर काढली, दोन्ही हातांनी डबा उचलला, उलटा केला आणि तळावर तळहाताने दोन थापा मारल्या. टेबलावरच्या पांढऱ्या कागदावर टक् असा आवाज झाला.

तांदूळ. कुंकू लागलेला, एक दाणा.

नळी त्या दाण्यावर बसत होती. खालचा चुंबक फिरत होता, मोटर वाजत होती, पण नळीतली काडी त्याच्या हाताबाहेर राहत होती. पाच दिवस चार माणसांच्या प्लेटलेट्स चिथावणी घेऊन स्वस्थ उभ्या होत्या, कारण त्यांना कुणी ढवळलंच नव्हतं.

“आपला कोलम हे,” बयाबाई वाकून बघत म्हणाल्या. “मीच आनला व्हता.”

महेश सर खिडकीबाहेर बघत होते.

एक वाजून चार मिनिटांनी मॅडमनी नवी नळी लावली. थेंब टाकला. रेघ क्षणभर अडखळली आणि मग उठली. चढत चढत वर गेली आणि वरच टेकली. मामांनी मागे बांधलेले हात सोडले. मग औषधाची नळी. ही रेघ पहिलीपेक्षा उभी चढली, आणि तिच्याही वर गेली. खाली यायला लागली तेव्हा अध्यक्ष दोन खुर्च्या ओलांडून स्क्रीनपाशी आले होते.

“हे तर वाढतंय,” ते म्हणाले.

“हो सर. पहिली काही मिनिटं.”

“विरघळवायचं औषध घालून?”

“जाळं विरघळतं. गर्दी चिडते.”

“मी सहा वर्षं हेच सांगतोय,” महेश सर म्हणाले.

समितीने जेवणाआधीच सही केली. अहवालात तीन वाक्यं होती. काम समाधानकारक आहे. प्रबंध सादर करण्यास हरकत नाही. यंत्रे वापरण्यापूर्वी साफ करावीत.

अध्यक्षांनी धोंडीराम मामांचा हात हातात घेतला. मामा एवढंच म्हणाले, “आमच्या घरी फोन करून सांगा. पयला बी केला व्हता.” मॅडमनी कुसाबाईंना फोन केला. कुसाबाई म्हणाल्या, “मी म्हनलंच व्हतं,” आणि ठेवून दिला. मामा बाहेर गेले. थोड्या वेळाने खिडकीखाली पाइपचा आवाज सुरू झाला.

मॅडम पाच दिवसांत पहिल्यांदा खुर्चीत बसल्या. पिशवीतलं उलट्या निष्कर्षाचं पान काढून त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला आणि आप्पांना फोन लावला.

“आप्पा, झालं.”

“झालं? मंग कळलं का, ती नळी परत का बंद पडली?”

“कळलं. तुम्ही म्हणाला होतात तसंच. उठवलेले लोक पुढे जाऊन बसले. म्हणून तर ती गोळी रोज घ्यायची असते, आप्पा. त्यांना बसू न देण्यासाठी.”

“भारी.”

“गोळ्या आहेत ना?”

“हायेत की.”

रोज याच्यापुढे ‘बरं, ठेवते’ यायचं. पण पाच दिवसांत मॅडमना एक सवय लागली होती.

“आहेत म्हणजे?”

“म्हंजे हायेत. डब्यात.”

“किती आहेत?”

“थांब.” डबा उघडल्याचा आवाज, पाकिटांचा चुरचुर आवाज, मग पुटपुटणं. “अठ्ठावीस.”

“आणि मी आणून दिल्या होत्या किती?”

“त्याचं आसं झालं,” आप्पा म्हणाले, “गणपतीतच इळीनं बोट कापलं. रक्त आलं ते पान्यावानी. मी म्हनलं, झालं पातळ. रक्त पातळ करायचीच गोळी ना ती? आता अजून किती पातळ करायचं मानसानं?”

“आप्पा, मी किती आणल्या होत्या?”

“अठ्ठावीस.”